पुस्तक उघडं, पान चुकीचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षांचा एक मुलगा सात महिन्यांपूर्वी वर्गात आला. घरची भाषा वेगळी, इंग्रजीशी खरी गाठ इथेच पडली. मैदानावर तो मुलांशी इंग्रजीत बऱ्यापैकी बोलतो, फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घेतो. पण वाचनाच्या तासाला त्याचं पुस्तक उघडं असतं आणि पान चुकीचं असतं. काही विचारलं की एकच उत्तर, 'आय डोन्ट नो'. तो आळशी आहे की त्याला जमत नाही? त्याला खालच्या इयत्तेची पुस्तकं द्यावीत का? पाळीपाळीने मोठ्याने वाचताना त्याला वाचायला लावावं की वगळावं? वर्गात चाळीस मुलं आहेत, एकट्यासाठी वेगळा तास काढणं शक्य नाही.

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलांना. तुमच्या प्रश्नातलं ते चुकीचं पान वाचलं आणि मला माझाच एक विद्यार्थी आठवला. त्याच्याकडून मी जे शिकले तेच तुम्हाला सांगते.

तेव्हा माझ्या वर्गात एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असा शिरस्ता होता. हा मुलगा तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि त्याची पाळी यायच्या जरा आधी त्याच्या पेन्सिलचं टोक मोडायचं. टोक करायला तो कोपऱ्यातल्या डब्यापाशी जायचा. परत येईपर्यंत पाळी पुढे सरकलेली असायची. हे रोज घडतंय हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. एकदा मी मुद्दाम त्याच्या बाकाशेजारी जाऊन उभी राहिले. तो पुढच्या मुलांची डोकी मोजत होता. आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते त्याने काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. तिसऱ्या ओळीत एका लांब शब्दापाशी बोट थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं. मग त्याने पेन्सिल उचलली. बाकीचा वर्ग गोष्ट ऐकत होता, आणि हा एकटा जिवाच्या आकांताने वाचायचा प्रयत्न करत होता. माझ्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे 'लक्ष नसते' असा शेरा होता.

म्हणून 'आळशी' हा शब्द आधी बाजूला ठेवा. वाचन टाळायला मुलांना फार कष्ट पडतात. वाचता येईना, ते चारचौघांत पुन्हा पुन्हा उघडं पडलं आणि मग वाचनातलं मनच उडालं, हा क्रम मी अनेकदा पाहिला आहे. आधी मन उडालं आणि म्हणून वाचन बिघडलं, असं मूल माझ्या वाट्याला फार क्वचित आलं. त्यामुळे गोडी कशी लावायची याच्या मागे लागण्याआधी त्याची गाडी नेमकी कुठे अडते ते शोधा.

मैदानावरच्या इंग्रजीवरून अंदाज बांधू नका. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हाच फरक नावासकट मांडला: गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. मैदानावर चेंडू डोळ्यांसमोर असतो, हातवारे असतात, समोरच्याचा चेहरा असतो. अर्धं वाक्य बोललं तरी काम भागतं. पुस्तकाच्या पानावर यातलं काहीच नसतं, सगळा अर्थ शब्दांतूनच काढावा लागतो. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात, असं कमिन्स सांगतात. तुमच्या मुलाला सात महिने झाले आहेत. 'बोलतो तर छान, मग वाचायला काय होतं' हे वाक्य त्याच्या कानावर पडत असेल तर ते आजच थांबवा.

आता अडतं कुठे, ते पाहू. गफ आणि टनमर या वाचनाच्या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये एक साधी मांडणी केली. छापलेला शब्द उलगडता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचनातलं आकलन. मला यात 'गुणाकार' हा शब्द फार मोलाचा वाटतो. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच येतं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारची मुलं सारखीच दिसतात, खिडकीबाहेर बघणारी. पण एकाला अक्षरांतून शब्द काढता येत नसतो, आणि दुसरा शब्द घडाघडा वाचतो पण त्याला भाषाच कळत नसते. दोघांना एकच उपाय केला तर एकाचं वर्ष नक्की वाया जातं.

हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. बाकीची मुलं लिहीत असताना त्याला जवळ बोलवा, शक्यतो वर्गाकडे पाठ करून बसवा. आधी एक सोपा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि चित्र काढून, बोट दाखवून किंवा त्याच्या भाषेत, जमेल तसं त्याला उत्तर देऊ द्या. मग त्याच तोडीचा दुसरा परिच्छेद त्याला वाचायला द्या. ऐकलेलं कळलं आणि वाचलेलं कळलं नाही, तर अडचण अक्षरांत आहे. ऐकलेलंही कळलं नाही, तर अडचण भाषेत आहे. शेवटी मिप, शॉग, नेब असे चार-पाच बनावट शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून वाचायला सांगा. हे शब्द त्याने पाठ केलेले असूच शकत नाहीत, त्यामुळे अक्षरांवरून आवाज जुळवता येतो का ते लगेच कळतं. मात्र 'यांना काही अर्थ नाही, हा फक्त आवाजांचा खेळ आहे' हे आधीच सांगा. नाहीतर आपल्याला न येणारे आणखी चार शब्द निघाले, असं समजून तो पुन्हा गप्प होईल.

मी हे केलं तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने 'शिप' हा शब्द असा वाचला: 'एस, एच, आय, पी, शिप.' बरोबर होता. मग मी 'शॉप' लिहिलं. तो म्हणाला, 'एस, एच, ओ, पी…' आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, 'शिप?' सगळं त्या एका क्षणात स्पष्ट झालं. त्याला शेकडो स्पेलिंगं पाठ होती, पण ती कवितेसारखी पाठ होती. अक्षराचं नाव त्याला माहीत होतं, त्याचा आवाज माहीत नव्हता. 'एस, एच, ओ, पी' ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून 'शॉप' ऐकू येत नाही.

ज्या मुलाचं पहिलं वाचन देवनागरीत झालं असेल त्याची इथे आणखी एक गोची होते, आणि मराठी वाचणाऱ्यांना ती लगेच समजेल. आपल्या 'क' मध्ये 'अ' आधीच दडलेला असतो, तो वेगळा लिहावा लागत नाही. इंग्रजीत स्वर लिहावाही लागतो आणि तो कसा वाचायचा हे दर वेळी ठरवावंही लागतं. पहिलं अक्षर, 'ए', घ्या. कॅट, केक, कार, बॉल आणि अबाउट या पाच शब्दांत त्याचे पाच आवाज आहेत. 26 अक्षरं आणि जवळपास 44 ध्वनी असा हा संसार आहे. जसं लिहिलं तसं वाचायचं या शिस्तीत वाढलेल्या मुलाला ही फसवणूकच वाटते. ते मुलाला स्पष्ट सांगावं. 'तुझं चुकत नाहीये, ही लिपीच अशी आहे, आणि हिच्याही काही सवयी आहेत, त्या आपण शिकू' एवढं म्हटलं तरी मुलाचे खांदे सैल पडतात. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग रोज पाच मिनिटं, एका वेळी एकच सवय: 'एस' आणि 'एच' मिळून 'श', शेवटी मुका 'ई' आला की मधला स्वर आपलं नाव सांगतो, वगैरे. अकरा वर्षांच्या मुलाला गाणी आणि बाहुल्यांचं फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज शिकवण्याची लहान मुलांची पद्धत, देऊ नका. त्याला कोडं सोडवल्यासारखं शिकवा. त्या वयाच्या मुलांना नियम आवडतात, आणि नियम मोडणारे शब्द पकडायला त्याहून जास्त आवडतं.

अडचण भाषेत असेल तर हिशेब वेगळा. हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासातून पुढे आलेला एक अंदाज मी नेहमी हाताशी ठेवते: कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोनच नवे. तुमच्या वर्गातलं एखादं पान घ्या आणि या मुलाला न येणाऱ्या शब्दांखाली त्यालाच रेघ मारायला सांगा. दर ओळीत एकदोन रेघा निघाल्या, तर त्या पानाने त्याच्यासाठी दार लावूनच घेतलं आहे. अशा वेळी 'संदर्भावरून अर्थ ओळख' हा सल्ला कुचकामी आहे, कारण संदर्भही त्याच अनोळखी शब्दांचा बनलेला असतो.

मोठ्या शब्दांपेक्षा बारके शब्द जास्त छळतात, हेही ध्यानात ठेवा. ऑफ, टू, फॉर, विथ, देअर, वुड. एडवर्ड डॉल्च यांनी अशा वारंवार येणाऱ्या 220 शब्दांची यादी फार पूर्वीच केली, आणि ती अजूनही उपयोगी पडते. यातल्या बऱ्याच शब्दांना चित्र नसतं आणि एकच एक अर्थही नसतो. त्यात घरची भाषा मराठीसारखी असली, क्रियापद शेवटी येणारी, तर मूल वाक्याच्या शेवटाची वाट बघत राहतं आणि इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन गेलेलं असतं. म्हणून हे शब्द सुटे पाठ करून घेऊ नका. छोट्या छोट्या तुकड्यांत वाचायला शिकवा: 'इन द मॉर्निंग' हा एक घास, 'ही वेन्ट टू' हा दुसरा.

आता खालच्या इयत्तेच्या पुस्तकांबद्दल. नको. निदान बाकीच्या वर्गासमोर तरी नको. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात सशाच्या पिल्लाची गोष्ट दिली की त्याला आणि वर्गातल्या सगळ्यांना एकच निरोप जातो. भाषा सोपी आणि विषय वयाचा, असा मजकूर हवा. तयार मिळाला तर उत्तमच. मिळाला नाही तर त्याच्याकडूनच लिहून घ्या.

माझ्या विद्यार्थ्याला सायकली दुरुस्त करण्याचा नाद होता. हे मला वर्गात नव्हे, मधल्या सुट्टीत त्याचे काळे झालेले हात पाहून कळलं. त्याची भाषा बोलणारी एक मुलगी वर्गात होती. चेन पडली तर काय करतोस, ते तिला तुझ्या भाषेत सांग, असं मी म्हटलं. एरवी 'आय डोन्ट नो' म्हणणारा हा मुलगा हात हलवत, थांबत, पुन्हा सुरू करत बराच वेळ बोलला. ती सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले, मधे अडलं तर तो चित्र काढून दाखवी. पाच वाक्यं झाली: 'द चेन केम ऑफ. आय टर्न्ड द बाइसिकल अपसाइड डाउन. आय पुट द चेन ऑन द स्मॉल व्हील फर्स्ट. देन आय टर्न्ड द पेडल. माय हँड्स वेअर ब्लॅक.' ही पाच वाक्यं त्याने त्या दिवशी वाचली, दुसऱ्या दिवशी वाचली, आठवडाभर वाचली. मजकूर त्याचा होता, अर्थ आधीच डोक्यात होता. त्याला फक्त तो छापलेल्या अक्षरांशी जुळवायचा होता. कुठल्याही पाठ्यपुस्तकाने एवढं काम केलं नसतं.

दोन-तीन आठवड्यांनी विज्ञानाच्या तासाला अन्नसाखळीचा धडा होता. पुस्तकात मथळा होता 'फूड चेन'. त्याने बोट ठेवलं आणि मला विचारलं, 'टीचर, सेम चेन?' मी म्हटलं, 'सेम चेन.' कडीला कडी जोडलेली असते, एक तुटली की सगळं थांबतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या तासाला धड्यातली पहिली अर्धी बाजू त्याने स्वतःहून वाचली.

तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे घोकंपट्टी, असं समजू नका. वाचनाचे अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये ही पद्धत मांडली: छोटा उतारा, सफाईने वाचता येईपर्यंत तोच. वाचताना सगळी शक्ती शब्द ओळखण्यात गेली तर अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही. ओळख आपोआप व्हायला लागली की डोकं मोकळं होतं.

चाळीस मुलांच्या वर्गात हे कसं करायचं? वेगळा तास नको, तासाची सुरुवात बदला. धडा उघडण्याआधी पाच मिनिटं सगळ्या वर्गासाठीच द्या: चित्रं पाहा, पाच-सहा कळीचे शब्द फळ्यावर लिहा, ते म्हणून घ्या, गोष्टीत काय होणार ते दोन वाक्यांत सांगूनच टाका. रहस्य फुटेल याची चिंता नको. पुढे काय होणार हे माहीत असलेलं मूल निर्धास्त होऊन वाचतं. मग तुम्ही एकदा वाचा, मुलं बोट फिरवतील. मग सगळा वर्ग एका सुरात वाचेल. समूहात आवाज मिसळतो, अडखळलं तरी कुणाला ऐकू जात नाही, आणि ओठ मात्र खरंच हलतात. त्यानंतर जोड्या. याच्या जोडीला वर्गातला सगळ्यात हुशार देऊ नका, सगळ्यात सोशिक द्या. हुशार मूल शब्द पटकन सांगून टाकतं. जोडीदाराने एक वाक्य वाचायचं, याने तेच पुन्हा वाचायचं, बस्स.

प्रश्न विचारण्याची रीतही बदलावी लागेल. 'आय डोन्ट नो' हे अनेकदा 'मला इतक्यात सांगता येणार नाही' याचं रूप असतं. शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. परक्या भाषेत विचार करणाऱ्याला तर ती तीन सेकंदंही अपुरीच. 'या घटनेबद्दल तुला काय वाटतं' असल्या प्रश्नाने सुरुवात नको. 'हे कुठल्या ओळीत लिहिलंय, बोट ठेव' हा प्रश्न चांगला. बोट ठेवणं हेही उत्तरच आहे. बोलायला लागला की उच्चारावर अडवू नका. अर्थ बदलणारी चूक तेवढी, आणि तीही वाक्य संपल्यावर.

स्टिकर, गुण, बक्षिसं यांच्या भानगडीत मी पडत नाही. त्यांनी पानं उलटली जातात, वाचली जात नाहीत.

घरी एकच निरोप द्या: घरची भाषा बंद करू नका. 'घरीही इंग्रजीच बोला' हा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, आणि त्याने मुलांचं फार नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत जेवणाखाण्यापुरतं बोलणं उरतं, आणि कारणं, तर्क, गोष्टी हे सगळं घरातून हद्दपार होतं. त्याच्या भाषेत त्याला गोष्टी सांगा, वाचून दाखवा. गोष्ट कशी बांधलेली असते हे एका भाषेत कळलं की दुसऱ्या भाषेतही कळतं.

घरच्यांशी बोलणं होईल तेव्हा एक गोष्ट जरूर विचारा: स्वतःच्या भाषेत तो कसा वाचत होता? तिथे शाळेत नीट शिकवूनही वाचन अडखळतच होतं, तर फक्त इंग्रजीवर खापर फोडू नका, वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. शाळाच सुटली होती असं कळलं, तर त्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. आणि डोळे व कान तपासून घ्याच. फळ्यावरचं छान उतरवतो म्हणजे लांबचं दिसतं, एवढंच त्यातून कळतं.

राहिला मोठ्याने वाचायचा प्रश्न. पाळीपाळीने वाचन मी माझ्या वर्गातून काढूनच टाकलं, सगळ्यांसाठी. अवचित पाळी आल्यावर चांगली वाचणारी मुलंही अर्थाकडे लक्ष देत नाहीत, आणि बाकीची आपल्या परिच्छेदापलीकडे काही ऐकत नाहीत. पण याला कायमचं वगळूही नका. वगळलेल्या मुलाला आपण वगळले गेलो हे बरोबर कळतं. आदल्या दिवशी त्याला हळूच विचारा, 'उद्या ही एक ओळ वाचशील का?' ओळ दाखवा, घरी न्यायला द्या, सकाळी एकदा तुमच्यापाशी म्हणू द्या. नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

माझा विद्यार्थी दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला, अर्धी ओळ वाचली आणि 'थ्रू' या शब्दापाशी थांबला. पुढच्या बाकावरच्या एकीने शब्द सांगायला तोंड उघडलं, मी हातानेच तिला थांबवलं. तो त्या शब्दाकडे बघत राहिला, बोट शब्दाखाली एकदा फिरलं, आणि मग त्याने तो वाचला आणि ओळ पुरी केली.